तीन खोल्यांची होडी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

होडी! ग्रीसमध्ये होडी भाड्याने घेणार म्हणे आमच्या घरचे लोक!

सकाळी तृप्तीचा व्हिडिओ कॉल. नेहमीप्रमाणे आधी आईशी, रत्नमालाशी, अर्धा तास कुजबुज, मग "बाबा, तुम्ही पण ऐका." रॉटरडॅमच्या दवाखान्यात सहा वर्षं नोकरी करून पोरीचं डोकं फिरलं आहे. शिडाची होडी. शनिवार ते शनिवार. आत झोपायला तीन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, संडास. सकाळी एका बेटावरून निघायचं, दुपारी दुसऱ्या बेटाला लागायचं. सप्टेंबरात. आई निवृत्त झाली त्याची ही भेट!

मी म्हटलं, निवृत्त मीही झालो होतो, सहा वर्षांपूर्वी. मुख्याध्यापक म्हणून. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते दिवाळीपर्यंतसुद्धा चाललं नाही.

रत्नमाला हसली. निवृत्तीपासून ही बाई फार हसते.

कोंढ्याच्या उपकेंद्रात तीस वर्षं नर्सबाई. पुरात डोंग्यात बसून लस टोचायला चार वेळा वैनगंगा ओलांडली, म्हणजे समुद्र कळला का?

१२ फेब्रुवारी

शब्दकोशात पाहिलं. यॉट — विलासी लोकांची क्रीडानौका. विलासी! आज दुपारी आमच्याकडे लाखोळीची डाळ आणि भात होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

माझ्या बैठकीच्या खोलीत आज आरमाराची सभा भरली. रत्नमालाच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. देवकाबाई आणि चंद्रकला, दोघीही नर्सच. तिघींनी नदीकाठच्या गावांत एकत्र नोकरी काढली. आता एकत्रच समुद्रात जाणार. देवकाबाईला पवनी ते भंडारा एसटीत दोनदा ओकारी होते. ही बाई सात दिवस लाटांवर!

चंद्रकलेनं मोबाईलवर पांढरी घरं, निळे घुमट दाखवले. "इथंच जाऊ बाप्पा, इथं सगळे फोटो काढते."

मी पेपरमागून विचारलं, "होडी चालवणार कोण?"

"कप्तान असते ना जी सोबत," चंद्रकला म्हणाली. "बाई आहे. इलेनी नाव तिचं."

कप्तानही बाई. म्हणजे विषयच संपला.

रत्नमाला म्हणाली, "मले पण शिकवणार आहे थे." मी म्हटलं, "'मले' नाही, 'मला'. आणि 'थे' नाही, 'ती'." देवकाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू लपवत होती की आणखी काही, कळलं नाही.

१६ मार्च

पांढऱ्या घरांचं बेट रद्द. तृप्ती म्हणाली, तिकडे वारा वेड्यासारखा सुटतो, नवख्यांनी जाऊ नये. त्याऐवजी अथेन्सजवळची बेटं. एजिना, पोरोस, हायड्रा. एकाहून एक नावं! हायड्रावर मोटारी नाहीत, सामान गाढवांवरून नेतात. मी म्हटलं, गाढवंच पाहायची तर विमानाची काय गरज?

 मी बोललो की हल्ली जिथं बोलणं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू होतं.

३० मार्च

होडीच्या संडासाचे नियम तृप्तीनं पाठवले. रत्नमालानं ते वहीत उतरवून घेतले — सुंदर अक्षरात! कागद टाकायचा नाही. हाताने दांडा मारून पाणी चढवायचं, मग दांडा मारून उतरवायचं. अंघोळीला पाणी बेतानं. पेट्या न्यायच्या नाहीत, मऊ पिशव्याच, कारण पेटी ठेवायला जागा नसते. पलंग कोपऱ्याकडे निमुळता होत जातो, दोघांचे पाय एकमेकांत अडकतात.

साठीच्या माणसांना हे सोसेल? तीन खोल्या म्हणजे एकीत देवकाबाई-चंद्रकला, दुसरीत तृप्ती आणि ती कप्तानीण, तिसरीत आम्ही. माझी कंबर त्या निमुळत्या पलंगावर दोन रात्री टिकणार नाही. पण माझ्या कंबरेचा विचार करतो कोण!

१४ एप्रिल

जयंती. विहारात वंदना, मग मिरवणूक. चंद्रकलेनं सगळ्या गावाला सांगून ठेवलं आहे. जो भेटला तो — "गुरुजी, समुद्रात चालले म्हणते!" जिल्हा परिषदेतला धर्मेंद्र, माझा जुना विद्यार्थी, पाया पडला आणि म्हणाला, "सर, आमच्यासाठी एक फोटो पाठवा." मी म्हटलं, "बघू. अजून नक्की नाही."

एवढ्या लोकांनी विचारलं की नाही म्हणणंही अवघड होतं.

२० एप्रिल, रविवार

'येता का' असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते आज लिहून काढलं. माझा पासपोर्ट आहेच, श्रीलंकेच्या यात्रेच्या वेळी काढलेला. तेव्हा ती सबब चालणार नाही. म्हणून मुद्दे —

पहिला, कंबर. दुसरा, मला पोहता येत नाही. तिसरा, ज्या देशात लोकशाहीचा जन्म झाला तो देश माणसानं पायी चालत, ग्रंथ वाचत पाहावा, होडीत लोळून नव्हे. चौथा, घर कोणाच्या भरवशावर टाकायचं?

तिसरा मुद्दा विशेष जमला. मोठ्यानं वाचून पाहिला. रत्नमाला आतून म्हणाली, "काही म्हटलं का जी?" मी म्हटलं, "नाही."

४ मे

अजून विचारलं नाही.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. रत्नमाला कपड्यांच्या दोरीचा तुकडा घेऊन गाठ मारत होती. तृप्तीनं व्हिडिओ पाठवला आहे. फास करायचा, टोक खालून वर काढायचं, मागून फिरवायचं, परत आत. मारली, सुटली. मारली, सुटली. मी म्हटलं, "सोडून दे, तुझ्यानं होणार नाही." अकराव्या वेळी जमली. खाटेच्या पायाला बांधून तिनं मला ओढायला सांगितली. मी ओढली. खाट सरकली, गाठ सुटली नाही.

मी म्हटलं, "दोरी जुनी आहे." याला काही अर्थ नव्हता. पण तोंडून निघालं.

२९ मे

नवतपा. उन्हानं अंगणात पाय ठेवता येत नाही.

भंडाऱ्याला पेन्शनच्या कामासाठी गेलो होतो. बाजारातून कापडी बूट घेतले, पांढऱ्या तळव्याचे. होडीवर काळ्या तळव्याचे चालत नाहीत, डाग पडतात असं त्या वहीत वाचलं होतं. जायचं म्हणून नव्हे. पण अगदीच आग्रह झाला तर ऐन वेळी धावपळ नको. त्या चार बायांवर कोणाचं तरी लक्ष असायला हवं, असं मला वाटू लागलं आहे. बूट कपाटात वर, स्वेटरच्या मागे ठेवले.

तिसरा मुद्दा खोडून टाकला. होडीतूनही ग्रंथ वाचता येतात.

१५ जून, रविवार

नीट लिहितो. 

आज तृप्तीचा कॉल. होडीच्या कंपनीला प्रवाशांची यादी द्यायची होती. पासपोर्टवरचं नाव, क्रमांक, जन्मतारीख. मी चष्मा लावून, पासपोर्ट खिशात घेऊनच बसलो होतो. चार मुद्दे आता द्यायचे नाहीत हे ठरलेलंच होतं. थोडे आढेवेढे घेऊन हो म्हणायचं.

तृप्ती वाचू लागली. "रत्नमाला. देवकाबाई. चंद्रकला. तृप्ती. कप्तान इलेनी. झालं. पाच."

मी म्हटलं, "तीन खोल्या आहेत ना?"

"हो बाबा. आई आणि मी एका खोलीत, देवकामावशी-चंद्रकलामावशी दुसरीत, आणि कप्तानला वेगळी द्यावी लागते. नियम आहे."

"बरोबर," मी म्हटलं. "नियम आहे."

पासपोर्ट खिशातच राहिला. मी पाणी प्यायला आत गेलो आणि बराच वेळ माठाजवळ उभा राहिलो. चार महिने मी एका आमंत्रणाला नकार देत होतो. ते आमंत्रण कधी आलंच नव्हतं.

१६ जून

जेवताना विचारलं. न विचारता राहवलं नाही.

"माझं नाव काहून नाही?"

रत्नमालानं घास खाली ठेवला. "तुम्ही येतो म्हटलं होतं का?"

"विचारलं होतं का कोणी?"

"तुम्ही तर रोजच नाही म्हणून राहिले होते. गाढवं म्हणले, संडास म्हणले, कंबर म्हणले. मी मानलं तुमचं. नेहमी मानतो तसंच."

मी म्हटलं, ती माझी बोलण्याची पद्धत आहे. अडतीस वर्षांत एवढंही कळलं नाही?

ती उठली नाही, ओरडली नाही. रुग्णाला सांगावं तसं हळू बोलली. "कळलं. म्हणूनच नाही विचारलं. मले आठ दिवस पायजेत. माझी गाठ सुटली तर सुटू दे, डाळ करपली तर करपू दे. कोणी बाजूला उभं राहून चूक काढाले नको. आठच दिवस."

वरून म्हणाली, "भात घेता का अजून?"

मी घेतला. नाही म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

१७ जून

काही लिहिण्यासारखं नाही.

२२ जून

कृतघ्न बाई. नोकरीवर असताना सकाळचा चहा कोण करत होतं? मी. तृप्तीला गणित कोणी शिकवलं? मी. शिकवताना चूक दाखवावीच लागते. आयुष्यभर ज्या पोरांच्या चुका काढल्या ती आज साहेब आहेत, रस्त्यात पाया पडतात. बायकोला मात्र चूक दाखवायची नाही!

देवकाबाईच्या नवऱ्याला, ईश्वरला विचारलं, "तुला नेत नाहीत, वाईट नाही वाटत?" तो खो-खो हसला. "मले कायले नेते गुरुजी? मीच म्हटलं जाय, मज्जा कर, येताना टोपी आन." असा माणूस! याला अभिमान म्हणून काही नाही.

१० जुलै

तिघी व्हिसासाठी मुंबईला गेल्या. मी स्टेशनवर सोडायला गेलो नाही. पाऊस होता हे कारण. पाऊस नव्हता.

३० जुलै

तिघींचाही व्हिसा आला. पोस्टमन पाकिटं घेऊन आला तेव्हा मीच सही केली. मनात एक घाणेरडी आशा होती, ती इथंच लिहून ठेवतो. इथं नाही तर कुठं लिहिणार?

३१ ऑगस्ट, रविवार

मऊ पिशवी भरून झाली. तिखट, जवसाची चटणी, पोहे, वाळवलेले झिंगे. ते झिंगे त्या कप्तानीणीला खाऊ घालणार आहे म्हणे! समुद्रावर राहणाऱ्या बाईला गोसीखुर्दच्या धरणातले झिंगे! मी हे बोललो नाही. ओठांपर्यंत आलं होतं. रत्नमाला माझ्या तोंडाकडे पाहत थांबली होती, येणाऱ्या वाक्याची वाट पाहत. वाक्य आलं नाही तेव्हा तिनं पिशवीची चेन लावली.

११ सप्टेंबर

गेली. नागपूरच्या विमानतळापर्यंत सोडलं. तिनं पॅन्ट घातली होती, वर कुर्ता. नोकरीत असतानाही कधी पॅन्ट घातली नाही. वाईट दिसत नव्हती. हे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव."

परतीला गाडीत ईश्वर सोबत होता. सबंध रस्ता गाणं म्हणत आला.

१४ सप्टेंबर

काल होडी ताब्यात घेतली. ग्रुपवर फोटो. देवकाबाईला होडी धक्क्याला बांधलेली असतानाच ओकारी झाली! मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग घर फारच शांत वाटलं.

दुसऱ्या फोटोत रत्नमाला चाक धरून उभी. केस उडत आहेत. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. पुढे पाहते आहे. मी फोटो मोठा करून पाहिला. हात चुकीच्या जागी आहेत असं लिहिणार होतो. पण हात कुठं असायला हवेत हे मला कुठं ठाऊक आहे?

१७ सप्टेंबर, बुधवार

दुपारी धुरपताबाई आली. धरणात बुडालेल्या गावातली, आता पुनर्वसनातल्या वस्तीत राहते. पन्नाशीची असेल. बीपीच्या गोळ्या दाखवायला आली होती, "बाई हाय का जी घरी?"

मी सांगितलं, बाई ग्रीस देशात गेली आहे. होडीत फिरायला. या वयात! माझा नेहमीचा सूर.

धुरपताबाईनं कपाळाला हात लावला आणि हसत सुटली. "बाई अन् होडी! बाईले होडीचं काय भेव? तुमाले तर मालूमच हाय."

मला काही मालूम नव्हतं. ओट्यावर बसून तिनं जे सांगितलं ते लिहितो.

तीस वर्षांपूर्वीचा पूर. धुरपता बाळंतपणाला अडली होती, मूल पायाळू. गावाचा रस्ता पाण्याखाली. निरोप मिळाला तशी रत्नमाला तुलाराम ढिवराच्या डोंग्यात बसली. मधोमध धारेत बांबू मोडला. डोंगा फिरू लागला. तुलाराम पट्टीचा नावाडी, पण हातात काही नाही म्हटल्यावर त्यानं डोळे मिटले, आईचं नाव घेऊ लागला. "तवा बाईनं लशीच्या डब्याचं झाकण काढलं, अन् थ्या झाकणानं वल्हवत आनला डोंगा. आमच्या घरचे काठावरून पायत होते जी. तुलाराम रडत होता, बाई नाही रडली. चार वाजता माझा अश्वजित झाला. आता ट्रक चालवते."

मी म्हटलं, "हे तिनं मला कधी सांगितलं नाही."

धुरपताबाई गोळ्यांचं पाकीट दुमडत राहिली. "सांगतलं असन जी. तुमी आयकलं नसन."

ती गेल्यावर माळ्यावरून जुन्या रोजनिश्या काढल्या. त्या वर्षीची सापडली. ऑगस्ट. पानाच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, मजकूर शाबूत. माझंच अक्षर —

"र. रात्री आली नाही, सकाळी आली. पूर्ण भिजलेली. लसीकरणाचं रजिस्टर सोबत नेलं होतं, तेही भिजवलं. डब्याचं झाकण हरवलं. काही सांगू लागली, मी आधी रजिस्टर वाळत घाल म्हटलं. कमालीचा बेजबाबदारपणा."

एवढंच. पुढच्या दिवशी शाळा तपासणीबद्दल दीड पान.

१८ सप्टेंबर

सकाळी तिला मेसेज लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला. शेवटी एवढाच पाठवला — "धुरपताबाई आली होती. झाकणाचं सांगितलं."

दोन निळ्या खुणा आल्या.

१९ सप्टेंबर

उत्तर नाही. ग्रुपवर चंद्रकलेचे गाढवांसोबतचे फोटो. ईश्वरनं अंगठे पाठवले. मीही एक पाठवला.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारी फोन. आवाजात वारा. म्हणाली, होडी आज परत केली. चंद्रकला अन् देवकाबाई मंगळवारच्या विमानानं येऊन राहिल्या. "मी नाही येऊन राहिली. तृप्तीकडं जातो. किती दिवस, मालूम नाही."

मी खुर्चीत बसलो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं — व्हिसाची मुदत, तिकीट, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, "रत्नमाला, तुले काय पायजे?"

ती म्हणाली, "हे पहिल्यांदा विचारलं तुम्ही. आता मले विचार करा लागन."

"कर," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.